उजवीकडचं शून्य

क्ष² + ७क्ष + १२ = ० हे समीकरण दहावीच्या मुलासमोर ठेवलं की त्याचं पेन लगेच चालायला लागतं. गुणाकार बारा, बेरीज सात. म्हणजे तीन आणि चार. कंस मांडायचे, चिन्हं उलटी करायची, उत्तर वजा तीन आणि वजा चार. मग मी त्याच मुलाला क्ष² + ७क्ष = ८ देते. आता बरीच मुलं डावीकडे क्ष सामाईक काढतात, क्ष (क्ष + ७) = ८ असं लिहितात आणि पुढची ओळ येते: क्ष = ८ किंवा क्ष + ७ = ८. म्हणून उत्तरं आठ आणि एक. यातलं एक बरोबर आहे, कारण एक गुणिले आठ आठच होतात. दुसरं साफ चूक. आठ गुणिले पंधरा म्हणजे १२०. पण आडवाटेला लागलेल्या मुलाला वाटेतच एक खरं उत्तर सापडलेलं असतं, त्यामुळे वाट चुकली हे त्याला पटवणं फार अवघड जातं.

ही चूक आळशी मुलांची नसते. चांगली, वह्या नीट ठेवणारी मुलं ती करतात. त्यांना अवयव पाडता येतात. अवयव पाडल्यावर पुढे जे घडतं ते कशाच्या जोरावर घडतं, हे त्यांना कुणी थांबून सांगितलेलं नसतं.

मी चेन्नईत साहुकारपेटमध्ये नववी-दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. आमचं मूळ विट्याकडचं. खानापूर, आटपाडी, तासगाव या सांगली जिल्ह्यातल्या कमी पावसाच्या तालुक्यांतून गलाईच्या धंद्यासाठी माणसं देशभर पांगली. सोन्या-चांदीचा बाजार जिथे, तिथे भट्टी लावायची आणि मोडीचं सोनं, घडणीतला चुरा शुद्ध करून द्यायचा. मिंट स्ट्रीटच्या आसपासच्या गल्ल्यांत अशी घरं आहेत. खाली काम, वर बिऱ्हाड. मुलं घरी माणदेशी वळणाचं मराठी बोलतात, रस्त्यावर तमिळ आणि हिंदी, शाळेत बहुतेकांना इंग्रजी. कुणी तमिळनाडूच्या राज्य मंडळाचं, कुणी सीबीएसईचं, आणि अधूनमधून गावाहून नुकतंच आलेलं एखादं, बालभारतीचं पुस्तक दप्तरात घेऊन. सगळी मला काकी म्हणतात. शाळांच्या पद्धती वेगळ्या असतात. कुणाला मधल्या पदाची फोड करायला शिकवलेलं असतं, कुणाला फुलीची आकृती काढून तिच्या चार कोपऱ्यांत संख्या भरायला. मला त्यात काही वावगं दिसत नाही. कुठल्याही पद्धतीने या, शून्यापाशी थांबा, एवढंच माझं म्हणणं असतं.

शून्यापाशी थांबायचं म्हणजे काय ते मी असं करते. फळ्यावर लिहिते: दोन संख्यांचा गुणाकार सहा आहे, संख्या कोणत्या? मुलं सांगतात दोन-तीन, एक-सहा. कुणाला वजा दोन आणि वजा तीन सुचतं. मग अर्धा आणि बारा, पाव आणि चोवीस, आणि एकदा अपूर्णांक सुरू झाले की यादी संपत नाही. गुणाकार सहा आहे हे कळलं तरी दोघांपैकी एकाबद्दलही खात्रीने काही सांगता येत नाही. आता गुणाकार शून्य करा. पहिली संख्या शून्य, नाहीतर दुसरी. तिसरी शक्यताच उरत नाही. एका वाक्यात दोन अज्ञात गोष्टी होत्या, त्यातल्या एकीबद्दल आपल्याला पक्की बातमी मिळाली. ही ताकद आठात नाही, सहात नाही, एकातही नाही. म्हणून सगळी पदं डावीकडे न्यायची आणि उजवीकडे शून्य ठेवायचं. मुलांना ती मांडणीची शिस्त वाटते, समासासारखी. खरं तर सगळं समीकरण त्या शून्यावर उभं असतं.

हे माणसालाही उशिराच सुचलेलं आहे. शून्याने गुणल्यावर शून्य येतं, हे ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये लिहून ठेवलं. आपल्याला लागतं ते त्याच्या उलट विधान, आणि त्याचा असा उपयोग करून समीकरणं सोडवणं युरोपात थॉमस हॅरियटच्या १६३१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापलेल्या पुस्तकापासून रुळलं. भास्कराचार्य वर्गसमीकरण सोडवतात ते वेगळ्या रीतीने. अज्ञाताची पदं एका बाजूला, नुसती संख्या दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही बाजूंत भर घालून डावीकडे पूर्ण वर्ग करायचा. ती रीत त्यांनी श्रीधर या आधीच्या गणितीची म्हणून सांगितली आहे. तिच्याकडे मी पुन्हा येईन.

नववीतल्या एका मुलीने मला विचारलं होतं, "काकी, गुणाकार शून्य आला म्हंजी एक तरी शून्य असणारच, हे कशावरून?" शिकवणाऱ्याला असा प्रश्न क्वचित मिळतो. साधं उत्तर आहे: पहिली संख्या शून्य नसेल, तर दोन्ही बाजूंना तिने भागा, उरते ती दुसरी संख्या, आणि ती शून्य. पण ती मुलगी विचारत होती ते याहून खोल होतं. असं नसतं तर काय झालं असतं, हे तिला पाहायचं होतं. भिंतीवर घड्याळ होतं. मी म्हटलं, समजा जगात घड्याळावरच्या बाराच संख्या आहेत आणि बाराच्या जागी शून्य आहे. अकराच्या पुढे एक तास गेला की शून्य. आता तीन तास चार वेळा मोजा. बारा, म्हणजे शून्य. तीनही शून्य नाही, चारही शून्य नाही, आणि गुणाकार शून्य.

मग त्या घड्याळावर आम्ही क्ष² + ५क्ष + ६ = ० सोडवलं. अवयव नेहमीचेच, क्ष + २ आणि क्ष + ३. नेहमीची उत्तरं वजा दोन आणि वजा तीन. घड्याळावर शून्यापासून मागे मोजली की ती दहा आणि नऊ होतात. इथपर्यंत सगळ्यांनी केलं. पण मी त्यांना शून्य ते अकरा, सगळ्या संख्या घालून बघायला लावल्या. क्ष एक घेतला तर तीन गुणिले चार, बारा. चालतो. क्ष सहा घेतला तर आठ गुणिले नऊ, बहात्तर, बाराची सहा पट. तोही चालतो. एकाच वर्गसमीकरणाला चार उत्तरं मिळाली: १, ६, ९ आणि १०. वर्गसमीकरणाला जास्तीत जास्त दोन मुळं असतात हे त्यांनी शाळेत पाठ केलेलं वाक्य, आणि त्याला मुळात आधार कशाचा आहे ते त्या दिवशी दिसलं. बाराचे तुकडे पडतात म्हणून घड्याळावर ते मोडतं. सातच्या चक्रात, म्हणजे वारांच्या चक्रात, ते मोडत नाही, कारण सात ही मूळ संख्या आहे; तिथे पुन्हा दोनच उत्तरं. हे परीक्षेला येत नाही. एका वडिलांनी मला तसं विचारलंही, आणि त्यांची काळजी मला समजते. फी त्यांनी मार्कांसाठी भरलेली असते. पण एक संध्याकाळ घड्याळावर घालवलेलं मूल पुन्हा क्ष = ८ किंवा क्ष + ७ = ८ असं लिहीत नाही, एवढं मी खात्रीने सांगते.

क्ष² च्या आधी एकाखेरीज दुसरी संख्या आली की मुलांची दुसरी अडचण सुरू होते. ६क्ष² + ७क्ष − ३ = ०. नियम सगळ्यांना पाठ असतो: सहा आणि वजा तीन यांचा गुणाकार करा, वजा अठरा, आणि मग गुणाकार वजा अठरा व बेरीज सात येईल अशी जोडी शोधा. नऊ आणि वजा दोन. पण सहाने गुणायचं कशाला? मूळ समीकरणात अठरा कुठेच नव्हते. हा प्रश्न बहुतेक मुलं विचारत नाहीत, म्हणून मी विचारते. सगळं समीकरण सहाने गुणलं तर पहिलं पद ३६क्ष² होतं, म्हणजे ६क्ष चा वर्ग. मधलं पद ७ गुणिले ६क्ष. शेवटी वजा अठरा. ६क्ष ला य म्हणा, की उरतं य² + ७य − १८ = ०, आपलं ओळखीचं साधं समीकरण. य म्हणजे दोन किंवा वजा नऊ. म्हणून क्ष म्हणजे एक-तृतीयांश किंवा वजा दीड. नियमातले अठरा इथून आले.

हे करून दाखवलं तेव्हा दहावीतला एक मुलगा, जो सुट्टीत वडिलांबरोबर भट्टीवर बसतो, म्हणाला, "म्हंजी सोन्यात आधी चांदी घालायची, तसं." बाकीच्यांतल्या निम्म्यांना लगेच कळलं. सोन्यात थोडी चांदी मिसळलेली असेल तर नायट्रिक ॲसिडने ती निघत नाही. भोवती सोनं दाट असतं, ॲसिड आत पोचत नाही. म्हणून गलाईवाले त्यात आणखी चांदी घालून मुशीत आटवतात, साधारण एक भाग सोन्याला तीन भाग चांदी होईल इतकी. मग ॲसिड सगळी चांदी विरघळवतं आणि खाली सोनं राहतं. वेगळं करण्यासाठी आधी वाढवायचं. मी इतकी वर्षं त्या धंद्याच्या घरात राहून हे समीकरणाशी जोडलं नव्हतं. त्या मुलाने जोडलं, आणि आता मी ते त्याच्या उल्लेखासह सांगते.

श्रीधराची रीत याच जातीची, फक्त तो आणखी पुढे जातो. वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने दोन्ही बाजू गुणा, आणि मधल्या सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवा. आपल्या उदाहरणात ६क्ष² + ७क्ष = ३ याला चोवीसने गुणायचं: १४४क्ष² + १६८क्ष = ७२. दोन्हीकडे ४९ मिळवले की डावीकडे १२क्ष + ७ याचा पूर्ण वर्ग होतो आणि उजवीकडे १२१. म्हणून १२क्ष + ७ म्हणजे अकरा किंवा वजा अकरा, आणि तीच दोन उत्तरं हातात येतात. इथे १२१ पूर्ण वर्ग निघाला म्हणून अवयव सरळ पडले. तो पूर्ण वर्ग नसता तर नऊ आणि वजा दोनसारखी जोडी शोधत कितीही वेळ बसलो असतो तरी मिळाली नसती.

उत्तरं मिळाल्यावर त्यांचं काय करायचं, याकडे तर शिकवताना जवळजवळ दुर्लक्षच होतं. शाब्दिक उदाहरणात दोन मुळं येतात, एक धन, एक ऋण. मुलं ऋण मुळावर काट मारतात आणि पुढे जातात. मला ती काट विचार न करता मारलेली आवडत नाही. आमच्या खोलीत कालनिर्णय टांगलेलं असतं. मी विचारते, लागोपाठच्या दोन रविवारच्या तारखांचा गुणाकार १२० आहे, तारखा कोणत्या? पहिली तारीख क्ष, दुसरी क्ष + ७; म्हणून क्ष² + ७क्ष − १२० = ०. अवयव क्ष + १५ आणि क्ष − ८. क्ष आठ, म्हणजे तारखा आठ आणि पंधरा. आता वजा पंधराचं काय? कालनिर्णयात वजा पंधरा तारीख नाही, खरं आहे. पण तिच्यात सात मिळवून पाहा: वजा आठ. वजा पंधरा आणि वजा आठ यांचाही गुणाकार १२०. म्हणजे समीकरणाने दुसरं उत्तर म्हणून तीच आठ-पंधराची जोडी शून्याच्या पलीकडच्या बाजूने दिली. समीकरणाला आपण फक्त सातचं अंतर आणि १२० सांगितले होते, तारखा धन असतात हे सांगितलंच नव्हतं. ते आपण प्रश्नातून वाचायचं.

याच्या उलट उदाहरण भास्कराचार्यांच्या बीजगणितात आहे. ११५० च्या सिद्धांतशिरोमणीचा तो भाग. उदाहरण असं: माकडांच्या टोळीचा पाचवा हिस्सा घेतला, त्यातून तीन वजा केले, त्याचा वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसतं आहे. टोळी केवढी? मांडून, पंचविसाने गुणून, आजच्या पद्धतीने सगळं डावीकडे नेलं की क्ष² − ५५क्ष + २५० = ० होतं. गुणाकार अडीचशे, बेरीज पंचावन्न: पन्नास आणि पाच. दोन्ही धन. मुलं दोन्ही उत्तरं लिहून मोकळी होतात. मग मी म्हणते, ताळा करा. पन्नासचा पाचवा हिस्सा दहा, वजा तीन सात, वर्ग एकोणपन्नास, आणि फांदीवरचं एक, जमलं. पाचचा पाचवा हिस्सा एक, आणि एकातून तीन गेले तर वजा दोन. वर्ग चार, अधिक एक पाच. हिशोब जुळतो, पण वजा दोन माकडं कुठून आणायची? भास्कराचार्यांनी हे दुसरं उत्तर नाकारलं आहे आणि कारणही दिलं आहे की व्यवहारात अशी ऋण संख्या लोकांना पटत नाही. धन मूळ नाकारलं गेलं ते चिन्ह बघून नव्हे, गोष्टीत परत जाऊन. मला हे उदाहरण प्रत्येक दहावीच्या पुस्तकात असावंसं वाटतं.

साहुकारपेटपासून जवळच जॉर्ज टाउनमध्ये मुथियालपेट हायस्कूल आहे. तिथे पी. के. श्रीनिवासन गणित शिकवत. रामानुजन यांची पत्रं आणि त्यांना ओळखणाऱ्यांच्या आठवणी त्यांनी जमवल्या, आणि त्या शाळेच्या 'नंबर फ्रेंड्स सोसायटी'तर्फे १९६८ मध्ये रामानुजन यांचे स्मृतिग्रंथ निघाले. पुढे १९९३ मध्ये त्यांनी रॉयपुरमला रामानुजन संग्रहालय उभं केलं. शाळेतल्या मुलांच्या मंडळाला संख्यांचे मित्र असं नाव देणारा शिक्षक आपल्या शेजारच्या वस्तीत होऊन गेला, याचा मला फार आधार वाटतो. मुलांनी स्वतः खटपट करून नमुने शोधावेत, हा त्यांचा ध्यास होता. कॅलेंडरवरची गणितं हा तर त्यांच्या एका छोट्या पुस्तकाचा विषयच आहे.

त्यांच्या वाटेने जायचं म्हणून मी एक काम मुलांना देते. चौकटींचा कागद घ्यायचा, दहा बाय दहा. आडवे रकाने मधल्या सहगुणकाचे, एक ते दहा. उभे शेवटच्या संख्येचे, एक ते दहा. शंभर घरं, म्हणजे क्ष² ने सुरू होणारी शंभर समीकरणं. ज्यांचे पूर्णांकात अवयव पडतात ती घरं रंगवायची. पुस्तकातली उदाहरणं सोडवून मुलांची अशी समजूत झालेली असते की थोडा वेळ दिला तर जोडी सापडतेच. रंगवून झाल्यावर कागदावर चौदाच घरं रंगलेली असतात. उरलेल्या शहाऐंशींपैकी अडतीस समीकरणांना वास्तव संख्यांत उत्तरच नाही, आणि अठ्ठेचाळिसांची उत्तरं वर्गमुळांत अडकलेली. पुस्तकाने त्या चौदांतलीच निवडून दिलेली असतात. त्यात पुस्तकाचा दोष नाही, नवशिक्याला सोपं द्यावंच लागतं; पण हे निवडलेलं आहे हे मुलांना माहीत असायला हवं. नाहीतर परीक्षेत क्ष² + ५क्ष + ५ = ० समोर आलं की ती जोडी शोधत बसतात आणि वेळ संपतो. आधी मधल्याच्या वर्गातून शेवटच्याची चौपट वजा करा; पूर्ण वर्ग आला तरच अवयव शोधा. पंचवीस वजा वीस, पाच. सोडा अवयव, सूत्र वापरा.

गेल्या वर्षी घड्याळवाल्या मुलीने हा कागद वाढवला. शेवटची संख्या ऋण घेऊन दुसरा कागद केला, दोन्ही कागद पुढे बरेच मोठे केले, एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या उजेडात धरले. काही घरं दोन्हीकडे रंगलेली होती. क्ष² + ५क्ष + ६ चे अवयव पडतात आणि क्ष² + ५क्ष − ६ चेही. पहिल्यात दोन-तीन, दुसऱ्यात सहा आणि वजा एक. तशीच दहा आणि चोवीसची जोडी, तेरा आणि तीसची, सतरा आणि साठची. तिने मला यादी दाखवली आणि विचारलं, यात काय आहे? मी यादीकडे बघत राहिले आणि पाच, दहा, तेरा, सतरा हे आकडे ओळखीचे वाटले. तीन-चार-पाचचा काटकोन त्रिकोण, सहा-आठ-दहाचा, पाच-बारा-तेराचा, आठ-पंधरा-सतराचा. मधला सहगुणक म्हणजे कर्ण. आणि शेवटची संख्या? तीन-चार-पाचच्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ सहा. पाच-बारा-तेराचं तीस.

मी तिला उत्तर सांगितलं नाही, फक्त त्रिकोण काढून दिले. सिद्धता वर्गाने मिळून केली. काटकोन करणाऱ्या बाजू प आणि फ धरा. कर्णाचा वर्ग प² + फ², क्षेत्रफळाची चौपट २पफ. एकातून दुसरं वजा केलं तर प वजा फ चा वर्ग, मिळवलं तर प अधिक फ चा वर्ग. दोन्ही पूर्ण वर्ग, म्हणून दोन्ही समीकरणांचे अवयव पडणारच. उलटंही खरं ठरतं. एखादी जोडी दोन्ही कागदांवर रंगलेली असेल तर त्या दोन पूर्ण वर्गांच्या मुळांची बेरीज आणि वजाबाकी यांची निम्मी घ्या. त्या काटकोन त्रिकोणाच्या बाजूच निघतात, पूर्णांकात. हा उलटा भाग भट्टीवर बसणाऱ्या त्या मुलाने फळ्यावर लिहिला, आणि त्यानंतर त्या दोघांनी नऊ-बारा-पंधरापासून पुढचे त्रिकोण घेऊन कागदावरची घरं तपासायला सुरुवात केली.